ब्रेडची तब्येत आणि आपली तब्येत

माझ्या लहानपणी घरात पाव आला की शेजारच्या आजी हमखास विचारीत, "कोणाला ताप आलाय?" पाव हे तेव्हा आमच्याकडे आजाऱ्याचे अन्न होते. अंगात कणकण असली की दुधात कुस्करलेला पाव मिळायचा आणि ताप उतरला की पाव बंद होऊन भाकरी सुरू व्हायची. आज तीच गोष्ट उलटी झाली आहे. घरोघरी सकाळच्या चहाबरोबर ब्रेड आहे, आणि दवाखान्यात आलेल्या माणसाला आम्ही डॉक्टर मंडळी विचारतो, "दिवसाला किती स्लाइस खाता?"

मागच्या एप्रिल महिन्यात माझे एक जुने पेशंट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, दवाखान्यात आले. मांडीवर फडक्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन ते आपली पाळी येईपर्यंत शांतपणे बसले होते. आत आल्यावर त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले, तेव्हा ठक्क असा आवाज झाला.

"डॉक्टर, आज मला तपासू नका, याला तपासा."

फडके सोडून पाहतो तर आत ब्रेड. उंची जेमतेम चार बोटे, वरची साल दगडासारखी आणि आतला भाग ओल्या मातीसारखा गच्च. पुण्याच्या मुलीने त्यांना घरच्या घरी ब्रेड करण्याचे यंत्र पाठवले होते. गुरुजींना दहा-बारा वर्षांचा मधुमेह आणि काकूंना रक्तदाब. बाहेरच्या ब्रेडमध्ये काय काय घालतात कोण जाणे, तेव्हा बाबा, आता घरचाच खा, असा मुलीचा आग्रह.

तिची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या ब्रेडच्या बहुतेक नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले होते. यातले ब्रोमेट प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरलेले आहे. त्यानंतर जून २०१६ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेट वापरण्याची परवानगी काढून घेतली. म्हणजे आज कायद्याने ते ब्रेडमध्ये घालता येत नाही. तरीही घरी केलेल्या पदार्थात काय पडले आहे हे आपल्याला नक्की ठाऊक असते, हा फायदा उरतोच.

आता ब्रेडच्या आजाराचे निदान एमबीबीएस डॉक्टरने कसे करायचे, असा प्रश्न वाचकांना पडेल. योगायोगाने असेच एक यंत्र दोन वर्षांपासून आमच्याही ओट्यावर आहे. पहिल्या महिन्यात आमच्या सौभाग्यवतींनी आणि मी मिळून जे चार ब्रेड केले ते आम्ही गल्लीतल्या गाईला घातले, आणि त्यातल्या एकाकडे गाईनेही पाठ फिरवली. त्यामुळे गुरुजींच्या ब्रेडची लक्षणे मला ओळखीची होती.

हे यंत्र काय करते ते आधी समजून घेऊ. पीठ मळणे, ते फुगू देणे, पुन्हा थोडे मळणे, पुन्हा फुगू देणे आणि भाजणे ही सगळी कामे ते एकाच भांड्यात, तीन-चार तासांत, ओळीने करते. जपानमधल्या ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, जिला आपण आज पॅनासॉनिक म्हणून ओळखतो, १९८५ च्या सुमारास यावर काम चालू होते. अडचण अशी की ब्रेड वरून करपे आणि आतून कच्चा राही. मंडळींनी यंत्राने मळलेल्या आणि कसबी पाववाल्याने मळलेल्या पिठाचे चक्क एक्स-रे काढून ताडून पाहिले. आम्ही छातीचे काढतो, त्यांनी कणकेचे काढले! त्यातून काही उमगले नाही. शेवटी इकुको तनाका नावाच्या, सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेल्या. त्यांच्या लक्षात आले की हा गृहस्थ पीठ नुसते मळत नाही, ते ताणतो आणि पीळ देतो. मग यंत्राच्या भांड्याला आतून उंचवटे देऊन तो पीळ साधला गेला आणि १९८७ साली हे यंत्र जपानच्या बाजारात आले.

मळण्याची विद्या यंत्राला अशी मिळाली. मात्र पाववाल्याचे डोळे आणि बोटे मिळाली नाहीत. तुम्ही आत मैदा घातला आहे की लोकवन गव्हाची कणीक, बाहेर मे महिना आहे की डिसेंबर, पीठ सैल झाले की घट्ट, यातले यंत्राला फारसे काही कळत नाही. ते घड्याळाप्रमाणे चालते. गुरुजींनी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतली कृती कपाने मोजून, मैद्याच्या जागी गिरणीची कणीक घालून, एप्रिलच्या दुपारी केली होती आणि चार तास यंत्राकडे पाहिलेही नव्हते. पेशंटला गोळ्या लिहून देऊन पुन्हा नाडीच पाहायची नाही, तसे ते झाले.

पहिली गोष्ट वजनाची. कपात कणीक दाबून भरली तर एकाच कपात तीस-चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने ब्रेड बिघडतो. स्वयंपाकघरातला लहान डिजिटल काटा घ्यावा आणि पाणीसुद्धा त्यावरच मोजावे. एक मिलिलीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे हिशेब सोपा. लहान यंत्राला ३०० ग्रॅम पीठ पुरते. नुसता मैदा असेल तर १९० ते २०० ग्रॅम पाणी, पाच ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल, एक चमचा साखर आणि तीन ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट. हे झाले साधे प्रमाण.

दुसरी गोष्ट पिठाची, आणि आपल्याकडचे बहुतेक ब्रेड इथेच मार खातात. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. पाणी घालून मळले की त्याचे रबरासारखे ताणले जाणारे जाळे तयार होते. यीस्ट साखर खाऊन जो वायू सोडते तो या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. कणकेतल्या कोंड्याचे कण हे जाळे जागोजागी कापतात. शिवाय कोंडा पाणी पितो, पण सावकाश. त्यातून आपल्या गिरणीच्या दगडांमध्ये पीठ चांगलेच रगडले जाते, पिठातले स्टार्चचे कण फुटतात आणि असे फुटलेले कण आणखी पाणी ओढतात. म्हणून ३०० ग्रॅम कणकेला १९० ग्रॅम पाणी घातले की विटेसारखा ब्रेड ठरलेला. कणकेला २२५ ते २३५ ग्रॅम पाणी लागते. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा घेतला तर २१० च्या आसपास.

लोकवन आणि शरबती या दोन्ही गव्हांच्या कणकेचा ब्रेड आम्ही केला, दोन्ही चालतात. खपली गव्हाचे मात्र कोडकौतुक सध्या फार आहे म्हणून सांगतो, खिरीला तो उत्तम; ब्रेडला त्याचे ग्लुटेन कमजोर पडते. एकट्या खपलीचा ब्रेड यंत्रात बसकाच होतो. त्यात दोष तुमचा नाही आणि यंत्राचाही नाही. फार तर चौथा हिस्सा खपली आणि बाकी साधी कणीक घ्यावी.

पूर्ण कणकेचा ब्रेड करायचा असेल तर एक युक्ती करावी. कणीक आणि पाणी एवढेच भांड्यात घालून यंत्र पाच मिनिटे चालवावे आणि बंद करून अर्धा तास तसेच झाकून ठेवावे. तेवढ्यात कोंडा पाणी पिऊन नरम पडतो. मग मीठ, तेल आणि यीस्ट घालून यंत्र पहिल्यापासून सुरू करावे. आमच्या घरी या अर्ध्या तासाने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही.

याहून चांगले करायचे तर तिसरा हिस्सा कणीक आदल्या रात्री तेवढ्याच पाण्यात चिमूटभर यीस्ट घालून आंबवावी. थंडीत ओट्यावर ठेवली तरी चालते, उन्हाळ्यात तासाभराने फ्रिजमध्ये टाकावी. सकाळी यंत्रात घालताना हे पीठ आणि हे पाणी एकूण मापातून वजा करायला विसरू नये. इडली आणि आंबोळीचे पीठ आंबवणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगायला नको, की आंबवल्याने चव येते. वैद्यकीय फायदाही आहे. गव्हाच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते, ते लोह आणि जस्त धरून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. आंबण्याच्या क्रियेत ते बऱ्याच अंशी मोडते. ज्या घरात बायकामुलींचे हिमोग्लोबिन कमी आहे, आणि आपल्याकडे असे घर शोधावे लागत नाही, तिथे ही रात्रभराची सवड कामाची आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मळणी सुरू झाल्यावर सात-आठ मिनिटांनी झाकण उघडून आत पाहावे. पुष्कळ लोक झाकण उघडायला घाबरतात. मळणी चालू असताना उघडल्याने काहीही बिघडत नाही. फुगताना आणि भाजताना मात्र उघडू नये. आत एकच गोल, तुकतुकीत गोळा फिरताना दिसला पाहिजे. बोटाने दाबला तर पोळीच्या कणकेपेक्षा थोडा सैल, बोटाला किंचित चिकटल्यासारखा वाटणारा, पण बोट काढल्यावर बोटाला न लागणारा. कडांना चिकटून रबडी झाली असेल तर चमचाभर पीठ घालावे आणि दोन मिनिटे वाट पाहावी. गोळा कोरडा पडून दोन तुकडे झाले असतील किंवा यंत्र धडधडत असेल तर चमचाभर पाणी. कणीक असेल तर घाई करू नये, कारण ती दहा-बारा मिनिटांनी आपोआप घट्ट होते. पुरणपोळीची कणीक हाताने ओळखणाऱ्या काकूंना मी एवढेच सांगितले, "पुस्तिकेपेक्षा तुमच्या बोटांवर विश्वास ठेवा."

यीस्ट जिवंत आहे का, हेही पाहावे लागते. लहान गावात ते दुकानाच्या फळीवर उन्हाळाभर पडून असते. शंका आली तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडे यीस्ट घालून दहा मिनिटे थांबावे. फेस आला तर जिवंत, नाही तर फेकून द्यावे. पुडी फोडल्यावर हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवावी. यीस्ट गरम पाण्यात टाकणे म्हणजे त्याला ठार मारणे होय. पाणी हाताला कोमटच लागले पाहिजे. भांड्यात भरताना पाणी आणि तेल तळाला, मीठ-साखर कोपऱ्यात, वर पीठ आणि पिठात खळगा करून त्यात कोरडे यीस्ट, असा क्रम बहुतेक यंत्रांना लागतो. काही यंत्रांना याच्या उलट लागतो, तेवढ्यापुरती पुस्तिका वाचावी.

आमच्या खानदेशात उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. एप्रिल-मे मध्ये टाकीतून येणारे पाणीच अंग भाजेल असे असते. स्वयंपाकघरात अडतीस-चाळीस अंश. त्यात मळणीच्या घर्षणाने पीठ आणखी तापते. यीस्टला २६-२७ अंश मानवतात. चाळीस अंशांत ते इतक्या वेगाने काम करते की यंत्राची भाजण्याची वेळ येण्यापूर्वीच ब्रेड फुगून, दमून खाली बसतो. गुरुजींच्या दुसऱ्या ब्रेडचे असेच झाले; पाणी बरोबर घातले, ब्रेड झाकणाला टेकला आणि मग मधोमध खड्डा. उन्हाळ्यात फ्रिजचे गार पाणी घालावे, यीस्ट तीनऐवजी दोन ग्रॅम घ्यावे आणि यंत्र पहाटे लावावे. डिसेंबरात उलट, पाणी कोमट घ्यावे.

रात्री साहित्य भरून, वेळ लावून सकाळी ताजा ब्रेड काढायचा, ही या यंत्राची एक मोठी सोय सांगितली जाते. त्यात दूध किंवा अंडे घातले असेल तर डॉक्टर म्हणून माझा स्पष्ट विरोध आहे. उन्हाळ्याच्या रात्री सात-आठ तास उघड्यावर राहिलेले दूध आपण एरवी लेकरांना पाजू का? दुधाऐवजी दुधाची पावडर घालावी, तीही पिठाच्या वर, पाण्यापासून दूर.

विजेचेही सांगतो, कारण ते आपल्या नशिबीच आहे. काही यंत्रे वीज गेल्यावर दहाएक मिनिटे आपली जागा लक्षात ठेवतात, काही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. वीज लवकर येणार नसेल तर फुगलेला गोळा बाहेर काढावा, त्याच्या जाड पोळ्या थापून तव्यावर झाकण ठेवून भाजाव्यात. गुरुजींकडे त्या दिवशी पाहुणे होते आणि त्यांनी त्या पोळ्यांची कृती विचारून घेतली म्हणे. यंत्र तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या बोर्डालाच लावावे. ब्रेड काढताना भांडे चुलीवरच्या तव्याइतके तापलेले असते, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवावे. आणि कापण्याआधी मळणीचे पाते ब्रेडच्या तळात अडकून राहिलेले नाही ना, ते पाहावे.

भाजून झाला की ब्रेड लगेच भांड्याबाहेर काढून जाळीवर ठेवायचा. भांड्यातच राहिला तर स्वतःच्या वाफेने खालून ओला होतो. एक तास कापू नये. ही आमच्या घरातली सर्वांत कठीण अट आहे, कारण त्या वासाने सगळे ओट्याभोवती जमतात. पण गरम ब्रेडच्या आतला स्टार्च अजून बसत असतो, सुरी लावली की चिकट लगदा होतो आणि मग कच्चा राहिला अशी तक्रार.

बाजारच्या ब्रेडमध्ये बुरशी लांबवणारे कॅल्शियम प्रोपिओनेट असते, घरच्यात ते नाही. पावसाळ्यात घरचा ब्रेड दोन दिवसांपलीकडे बाहेर टिकत नाही. हिरवा-काळा ठिपका दिसला की तेवढाच काढून बाकीचा खाण्याची आपली काटकसर इथे सोडावी. मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. उष्ण, दमट हवेत कधी कधी ब्रेड आतून चिकट होतो, तोडला तर तारा सुटतात आणि पिकून गेलेल्या फळासारखा गोडूस वास येतो. पिठातल्या एका जातीच्या जंतूंची बीजे भाजण्यातूनही जगतात, त्यांचा हा उद्योग असतो. असा ब्रेड फेकावा आणि यंत्राचे भांडे व्हिनेगरने पुसून घ्यावे. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ब्रेड शिळा लवकर होतो; स्लाइस करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि लागेल तसा भाजून घ्यावा.

पावसाळा लागेपर्यंत गुरुजींचा ब्रेड असा सुधारला की त्यांनी आमच्या कंपाउंडरलाही दोन स्लाइस आणून दिल्या. कणकेचा, वर छान घुमट, आत एकसारखी जाळी. मलाही मनातून बरे वाटले. आणि ऑगस्टमध्ये त्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आली ती ७.१ वरून ८.४ वर!

औषधे तीच, फिरणे तेच. मी खोदून विचारले, तेव्हा उलगडा झाला. सकाळी चहाबरोबर तीन स्लाइस, संध्याकाळी तीन. दोन्ही वेळचे जेवण पूर्वीसारखेच. "पण डॉक्टर, घरचा आहे, कणकेचा आहे, साखर चमचाभरसुद्धा नाही." पूर्वी बाजारचा मैद्याचा ब्रेड ते भीत भीत एखादा खायचे. हा निर्धास्तपणे सहा. थोडक्यात, माझ्याच सल्ल्याने त्यांचा ब्रेड सुधारला आणि साखर बिघडली. एवढा वेळ पाण्याचे आणि यीस्टचे ग्रॅम सांगितले, पण खाण्याचे माप मी सांगितलेच नव्हते. ती चूक माझी.

तीनशे ग्रॅम पिठाच्या ब्रेडच्या दहा स्लाइस केल्या तर एका स्लाइसमध्ये तीस ग्रॅम पीठ आले. आपल्या मध्यम पोळीतही पंचवीस-तीस ग्रॅमच पीठ असते. म्हणजे एक स्लाइस ही एक पोळी आहे. गुरुजी रोज जेवणाव्यतिरिक्त सहा पोळ्या खात होते, सहाशेच्या वर उष्मांक, आणि वर म्हणत होते की मी फक्त चहा घेतो.

दुसरा गैरसमज कणकेबद्दलचा. एखाद्या पदार्थाने रक्तातली साखर किती वेगाने चढते ते मोजण्याचे एक माप आहे, ग्लायसेमिक इंडेक्स. त्यात ग्लुकोजला १०० धरतात. या मापात पांढऱ्या ब्रेडचा सरासरी आकडा ७५ आहे, आणि कणकेच्या ब्रेडचा ७४! हे वाचून अनेकांचा विश्वास बसत नाही. पण विचार केला तर उघड आहे. कोंडा बारीक दळून मिसळला म्हणून आतला स्टार्च काही पचायला अवघड होत नाही. कणकेच्या ब्रेडमध्ये चोथा, लोह, ब जीवनसत्त्वे जास्त आहेत, बद्धकोष्ठाला तो चांगला आहे, म्हणून मैद्यापेक्षा तो मी केव्हाही पसंत करीन. पण मधुमेही माणसाला तो मोकाट खाण्याचा परवाना नव्हे.

वेग कमी करायचा तर धान्य अख्खे किंवा भरड राहिले पाहिजे. दलिया गरम पाण्यात तासभर भिजवून, निथळून, पन्नास-साठ ग्रॅम ब्रेडमध्ये घालावा. जवस आणि तीळ दोन-दोन चमचे घालता येतात. हे जिन्नस मळणीच्या शेवटी, यंत्र शिटी देते तेव्हा टाकावेत, नाही तर ग्लुटेनचे जाळे फाटते. आणि ब्रेड नुसता चहात बुडवून न खाता मटकीची उसळ, अंडे किंवा पनीर यांबरोबर खावा. गुरुजींना मी दिवसाला दोन स्लाइस ठरवून दिल्या, त्याही दोन पोळ्या कमी करून. बाकीचा ब्रेड कापून थेट बर्फाच्या कप्प्यात. समोर राहिला की हात जातोच.

याच संदर्भात पेशंटांकडून दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे ब्रेडमधले यीस्ट पोटात जाऊन फुगते. असे होत नाही. भाजताना ब्रेडच्या मध्यभागीसुद्धा पंचाण्णव अंशांच्या आसपास उष्णता पोचते, त्यात यीस्ट मरते. दुसरी म्हणजे ग्लुटेन सर्वांनाच वाईट, म्हणून गहू बंद. ज्यांना सिलिअ‍ॅक हा आजार आहे त्यांना गहू कणभरही चालत नाही, मग तो खपली असला तरी. आणि हे यंत्र त्यांच्यासाठी वापरायचे तर त्यात गव्हाचे पीठ कधी घातलेलेच नसावे. पण सतत जुलाब, वजन न वाढणे, न भरून येणारा रक्तक्षय असे काही असेल तर आधी रक्ताची तपासणी करावी आणि तोपर्यंत गहू चालू ठेवावा. गहू सोडून महिने झाल्यावर केलेली तपासणी फसवी येऊ शकते.

दिवाळीनंतर गुरुजी पुन्हा फडक्यात ब्रेड घेऊन हजर. साखर ७.३ वर आली होती, त्यामुळे चेहरा प्रसन्न होता; पण ब्रेडच्या माथ्यावर भला मोठा खड्डा. थंडी पडलेली, तेव्हा उन्हाचा दोष नव्हे. पाणी बरोबर, यीस्ट बरोबर. मी विचारले, "मीठ किती घातले?"

"अजिबात नाही. हिचा रक्तदाब आहे ना!"

मिठाचे काम नुसते चवीचे नसते. ते यीस्टला लगाम घालते आणि ग्लुटेनचे जाळे घट्ट करते. मीठ काढले की यीस्ट उधळते, जाळे सैल पडते आणि ब्रेड फुगून कोसळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. पाच ग्रॅम मिठाच्या ब्रेडमधल्या चार स्लाइस खाल्ल्या तर त्यातले दोन ग्रॅम तिथेच संपतात, वर खारे लोणी लावले तर वेगळे. म्हणून कमी करणे योग्यच, पण शून्य नको. मी त्यांना मीठ तीन ग्रॅम, यीस्ट दोन ग्रॅम आणि पाणी दहा ग्रॅम कमी असे लिहून दिले. औषधाच्या चिठ्ठीवरच लिहिले, दुसरा कागद हाताशी नव्हता. औषधाच्या दुकानातल्या पोराने ती चिठ्ठी वाचून यीस्ट ठेवत नाही म्हणून सांगितले, हे गुरुजींनी मागाहून हसत हसत कळवले.

पुढच्या आठवड्यातला ब्रेड नीट उभा राहिला. काकूंना तो किंचित अळणी वाटतो, पण लसणीची चटणी न लावता मेथीच्या भाजीबरोबर खाल्ला तर चालतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या अर्थातच चालू आहेत.